फडफडतं, पण उडत नाही: कीटकासारखं छोटं विमान बनवताना या चुका टाळा

मोटर फिरते, पंख फडफडतात, आवाज थेट भुंग्याचा येतो; विमान मात्र टेबलावरच थरथरत बसतं. फडफडत्या पंखांचं विमान पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग मोठी मोटर बसवली जाते. मीही बसवली होती. गिअरचे दात गेले, बाकी काही झालं नाही.

दोष बहुधा पंखात असतो. आपण तो पतंगासारखा करतो: चहूबाजूंनी कामट्या, वर ताणून चिकटवलेलं प्लास्टिक. असा ताठ पंख खाली येताना जेवढी हवा खाली ढकलतो, वर जाताना साधारण तेवढीच वर ढकलतो. हिशेब शून्य. माशी प्रत्येक फटक्याच्या शेवटी पंख उलटवते, म्हणजे जाताना आणि येताना पुढची कड पुढेच राहते आणि दोन्ही फटके कामी येतात.

आपल्याला त्यासाठी वेगळी मोटर लागत नाही. पुढच्या कडेला कार्बनची ताठ काडी, मुळाशी दुसरी, आणि मधल्या पडद्याला थोडी ढील. हवेच्या दाबानंच पडदा मागे रेलतो आणि पंखाला कोन मिळतो. ढील जास्त झाली तर पडदा फटफट वाजतो आणि जोर जातो. कमी झाली तर पुन्हा पतंग. फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. फटक्याच्या मध्यावर मागची कड दोन्ही दिशांना मागे राहिलेली दिसली पाहिजे.

दुसरी चूक पुस्तकी आहे. मोठ्या विमानाच्या पंखाचा जाड, फुगीर छेद थर्माकोलमध्ये कोरत बसू नका. या आकाराला पातळ पडदाच बरा. विमानाचा पंख समोरच्या हवेशी पंधराएक अंशांच्या पुढे कलला की स्टॉल होतो, म्हणजे हवा पंखापासून सुटते आणि उचल कोसळते. कीटक चाळीसेक अंशांवरही बिनधास्त उडतात. १९९६ मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी धूर सोडून यामागचं कारण दाखवलं: पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा तयार होतो आणि तो फटकाभर पंखाला चिकटून राहतो. १९९९ मध्ये मायकेल डिकिन्सन यांच्या गटानं फळमाशीच्या पंखाची शंभरपट मोठी प्रतिकृती तेलाच्या टाकीत सावकाश हलवून मोजमापं घेतली. पंख उलटतो त्या क्षणी जादा उचल मिळते, असं त्यात दिसलं. म्हणूनच सांध्यातला प्ले महागात पडतो. खिळा भोकात खुळखुळत असेल तर पंख उशिरा उलटतो आणि नेमकी तीच उचल जाते.

वेग वाढवणं हा उपाय सुचतोच. पण फडफड दुप्पट केली की उचल ढोबळमानानं चौपट होते आणि ताकद लागते आठपट. माशीचा वेग गाठायची हौस तर सोडाच. हार्वर्ड विद्यापीठाच्या रोबोबी या यांत्रिक माशीचे पंख सेकंदाला १२० वेळा हलत, पण तिचं वजन होतं ८० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि २०१३ च्या उड्डाणात वीज बाहेरून बारीक तारेनं दिली जात होती. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या २९ ग्रॅमच्या डेलफ्लाय निंबल या फडफडत्या विमानाला सेकंदाला सतराच फटके पुरतात.

विमान एका बाजूला कलंडत असेल तर आधी क्रँक, म्हणजे मोटरचं फिरणं पंखांच्या फडफडीत बदलणारा भाग, पाहा. एकाच खिळ्यावर पंखांचे दोन्ही दांडे लावले की एक पंख किंचित मागून येतो. एकमेकांत अडकलेले दोन गिअर आणि प्रत्येकावर एक दांडा, की भांडण मिटलं.

आता मोजमाप. मॉडेल थेट वजनकाट्याच्या थाळीवर चिकटवू नका. पंखांनी खाली ढकललेली हवा थाळीवरच आपटते आणि उचल आकड्यात उतरतच नाही. मोजपट्टीचा सी-सॉ करा: एका टोकाला मॉडेल, खाली मोकळी जागा; दुसरं टोक काट्यावर. मॉडेल उचललं गेलं की काटा दाबला जातो. आकडा नाचतोच, सरासरी घ्या.

आणि पहिल्याच विमानाचं शेपूट कापू नका. डेल्फ्टच्या गटाचं पहिलं डेलफ्लाय २००५ चं, शेपटीचं. बिनशेपटीचं निंबल जगासमोर आलं २०१८ मध्ये, आणि तेही क्षणोक्षणी पंख सावरणाऱ्या सेन्सरच्या जोरावर. तुमचं विमान नाक वर करून मागे घसरत असेल तर बॅटरी थोडी पुढे सरकवा. चाचणीआधी खोलीतला पंखा बंद करायला मात्र विसरू नका. मी दोनदा विसरलोय.