खडपातल्या गोबऱ्यासाठी दोन गिअरचं रील घेताना

आमच्या रत्नागिरीत लोक माझ्याकडे गळाच्या दोरीची रील आणतात ती बहुतेक बिघडल्यावर. घेण्याआधी विचारणारे थोडे, आणि त्यांचाही प्रश्न एकच: "ड्रॅग किती किलोचा?" ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, मासा किती जोराने ओढल्यावर दोरी सुटायची ते तो ठरवतो. खोक्यावर २० किलो छापलेलं दिसलं की मंडळी खूश. हलत्या होडीत उभं राहून २० किलोचा ताण धरून बघा एकदा; मासा राहील बाजूला, आधी तुम्हीच पाण्यात.

आधी आपला समुद्र बघा. कोकणासमोरचा भूखंड मंच रुंद आहे, बरंच आत गेलं तरी पाणी उथळच. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी गोबऱ्याची (ग्रूपर माशाची) खडपं, म्हणजे पाण्याखालचे खडक, धरली तर १५ ते ४० मीटर पाणी. तिथे मार्लिनसारख्या प्रचंड माशासाठी बनवलेलं दीड-दोन किलोचं धूड कशाला? पीई ४ किंवा ५ (हा जाडीचा नंबर) ची ३०० मीटर ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, मावेल एवढं, अर्धा-पाऊण किलोचं रील पुरतं. शिमानो टॅलिका, पेन फॅदम, अवेट यांच्यात दोन गिअरची लहान मॉडेलं आहेत. त्यातलं अरुंद स्पूलचं (दोरी गुंडाळायच्या चाकाचं) घ्या. या रीलांचा ड्रॅग बाजूच्या लिव्हरने चालतो, म्हणून त्यांना लिव्हर ड्रॅग म्हणतात. लिव्हर ड्रॅगला दोरी आपोआप पसरवणारा लेव्हल-वाइंड सहसा नसतो, ते काम डाव्या अंगठ्याचं. मासा लागला की अंगठा विसरतोच. रुंद स्पूलवर मग एका बाजूला दोरीचा ढीग होतो आणि हँडल अडकतं.

हाय गिअर साधारण ६:१ (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे सहा), लो ३:१. हायमध्ये एका फेऱ्याला मीटरभर दोरी आत येते, म्हणजे ४० मीटरवरून नुसतं शिसं वर काढायला चाळीसेक फेरे. लोमध्ये दुप्पट, आणि आमिषाचं म्हाकूल बदलायला दिवसभर हेच करायचं असतं. गोबरा लागला की मात्र हिशोब उलटा. तो लांब पळत नाही, वळून कपारीत शिरतो, आणि तिथे कल्ले फुगवून बसला की संपलं. त्याला पहिल्या दोन-तीन मीटरांतच वर उचलावा लागतो, आणि वेग कमी पण जोर जास्त देणारा लो गिअर त्यासाठीच. म्हणून शिसं तळाला टेकलं की मी आधीच लोला टाकतो. गरीला मासा असताना गिअरचं बटण कोण शोधणार? तो खडपापासून सुटला की मग हाय. दुकानात हात ओला करून बघा, हँडल न सोडता गिअर बदलता येतो का. दुकानदार हसला तर हसू दे.

खरी परीक्षा ड्रॅगची. लिव्हर फ्रीला असतो तेव्हा ड्रॅगची चकती सुटी असते, पुढे नेला की ती दाबली जाते, आणि किती दाबायची ते प्रीसेट नॉब ठरवतो. ५० पाउंडाची ब्रेड म्हणजे साडेबावीस किलोची. लिव्हरच्या स्ट्राइकच्या खुणेला, म्हणजे मासा लागताना लिव्हर असतो तिथे, ड्रॅग तिचा पाव ते तिसरा हिस्सा ठेवायचा, म्हणजे ६-७ किलो. विमानाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा दोरीला अडकवा. लिव्हर फ्री, नॉब थोडा फिरवा, लिव्हर स्ट्राइक, सावकाश ओढा, आकडा वाचा. कमी पडला तर पुन्हा फ्री, पुन्हा नॉब. लिव्हर पुढे असताना नॉबला हात लावू नका.

ओढताना आकडा ६ च्या आसपास हलत राहिला तर उत्तम. ४ वरून ८ वर उडाला तर ते रील एक दिवस दोरी तोडणार. आता लिव्हर फ्रीला आणा आणि स्पूलला टिचकी मारा. गरगर फिरत राहिलं पाहिजे. हलक्या दर्जाचं रील इथेच उघडं पडतं: नॉब आवळला की फ्रीमध्येसुद्धा स्पूल घासतं, आणि शिसं तळाला जाता जात नाही. खोक्यावरचे २० किलो आले तरी ही टिचकी गेली तर काय उपयोग?

मस्कत-दुबईहून कोणी वापरलेलं आणत असेल तर जरूर घ्या, पण हँडल उलट फिरवून बघा, मागे जाता कामा नये. स्पूल फिरवून कान लावा. करकर आली म्हणजे बेअरिंगमध्ये मीठ गेलंय. बेअरिंग मापावर मिळून जातं. ड्रॅगची चकती मात्र त्याच मॉडेलची लागते, ती मागवता येते का ते पैसे देण्याआधी विचारा.

ब्रेड थेट स्पूलवर बांधली तर सगळी गुंडाळी घसरते. खाली दहा-पंधरा फेरे तंगूस (नायलॉनची दोरी) द्या, आणि ब्रेड ओल्या फडक्यात धरून घट्ट भरा, नाहीतर ताणाखाली वरचा फेरा खालच्यांत रुततो.

घरी आल्यावर नळाचा जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. लिव्हर पुढे ठेवून हलकं गोडं पाणी शिंपडा, पुसा, वाळलं की लिव्हर फ्रीला आणून ठेवा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत रील कपाटात लिव्हर दाबलेलं पडून राहिलं, तर चकती दबून बसते आणि ऑगस्टात ड्रॅग धक्के देत सुटतो. माझ्याकडे त्या महिन्यात सगळ्यात जास्त गर्दी असते ती याचीच.