प्लाझ्मिड शिकायचंय? आधी कॉन्ज्युगेशनचं प्रॅक्टिकल मागून घ्या

बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. मायक्रो. दारव्हा, पुसद, मंगरूळपीरकडच्या पोरापोरींचा हा रस्ता मला चांगला ठाऊक आहे, मी त्यावरूनच आलो. प्लाझ्मिडचं प्रकरण आलं की आपण जनुकं इकडून तिकडे जाण्याचे तीन प्रकार पाठ करतो : ट्रान्सफॉर्मेशन, ट्रान्सडक्शन आणि कॉन्ज्युगेशन, म्हणजे एका जिवाणूने दुसऱ्याला चिकटून प्लाझ्मिड देणं. पेपर निघून जातो. पण व्हायवाला एक्सटर्नलने "हे कॉन्ज्युगेशनच झालं कशावरून?" असं विचारलं की बोलती बंद.

व्याख्या थोडक्यात उरकू. गुणसूत्रापासून वेगळा, स्वतःची प्रत स्वतः काढणारा, बहुधा गोल असा डीएनए म्हणजे प्लाझ्मिड. हे नाव १९५२ मध्ये जोशुआ लेडरबर्गने दिलं. काही प्लाझ्मिड दुसऱ्या जिवाणूत स्वतःहून जातात, काही जात नाहीत. ई. कोलाय या जिवाणूचं एफ प्लाझ्मिड जवळपास एक लाख बेस जोड्यांचं आहे आणि पलीकडे जाण्याची सगळी सामग्री त्याच्याकडेच असते. प्रयोगशाळेतलं पीबीआर३२२ फक्त ४३६१ जोड्यांचं. ते आपल्या बळावर कुठे जात नाही. आणि देणाऱ्याचं प्लाझ्मिड संपत नाही, कारण एकच धागा पलीकडे जातो आणि दोन्हीकडे त्याचा जोडीदार नव्याने बनतो. पुस्तकात हे एका ओळीत आटोपतात, पण अर्धं प्रकरण त्या ओळीत आहे.

आता प्रॅक्टिकल. जेल युनिट नाही, मायनस वीसचा फ्रीझर नाही म्हणून बरीच कॉलेजं प्लाझ्मिडला हातच लावत नाहीत. कॉन्ज्युगेशनला मात्र दोन स्ट्रेन (जिवाणूचे दोन वाण, एक देणारा, एक घेणारा), दोन प्रतिजैविकं आणि अगार एवढंच पुरतं. देणाऱ्याच्या प्लाझ्मिडवर अँपिसिलिनला न जुमानणारं जनुक हवं. घेणारा स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा हवा, आणि तो गुण त्याच्या गुणसूत्रावरचा हवा. दोघं ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ खाद्यात, एकत्र करून ३७ अंशांवर तासभर न हलवता ठेवायचे. हलवलं तर जमलेल्या जोड्या तुटतात. मग दोन्ही औषधं असलेल्या प्लेटवर पसरायचे. जी वसाहत उगवेल तिच्यात दोघांचे गुण आले.

खरी गंमत त्या प्लेटच्या शेजारी ठेवलेल्या, तीच दोन्ही औषधं असलेल्या कंट्रोल प्लेटांत आहे. एकीवर नुसता देणारा, एकीवर नुसता घेणारा. तिथे काही उगवलं तर तुमचा निकाल बाद : औषध शिळं झालं असेल किंवा उत्परिवर्तन झालं असेल. अँपिसिलिन उष्णतेत लवकर उतरतं. आमच्याकडे मे महिन्यात लाइन गेली की "राहू दे प्लेटा बाहेर, खोलीच इनक्युबेटर आहे" म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. मोजणीही २४ तासांच्या आत करा. जास्त ठेवलं तर मोठ्या वसाहतीभोवती बारीक पिल्लं उगवतात. त्यांच्यात प्लाझ्मिड नसतं. शेजारणीने बाहेर सोडलेल्या एन्झाइमने तिथलं औषध संपवलेलं असतं, म्हणून ती तगतात.

एक्सटर्नलच्या प्रश्नाचं उत्तरही अशाच तुलनेत सापडतं. मिश्रणात डीएनएज, म्हणजे उघडा डीएनए कापणारं एन्झाइम, घातलं तरी जनुक गेलंच, तर तो उघड्या डीएनएचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशनचा, मामला नाही. मध्ये जिवाणू अडवणारी गाळणी ठेवली आणि सगळं थांबलं, तर पेशीला पेशी लागणं गरजेचं होतं. १९५० मध्ये बर्नार्ड डेव्हिसने यू-आकाराच्या नळीत गाळणी बसवून हेच दाखवलं. पुढे झिंडर आणि लेडरबर्ग यांना गाळणी असूनही, डीएनएज असूनही जनुक गेलेलं दिसलं. ते फेजच्या, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या, पोटातून जात होतं. ट्रान्सडक्शन असं हाती लागलं, ते १९५२ साली. हा क्रम समजला की तीन प्रकार पाठ करावेच लागत नाहीत.

एक ताकीद. गटारातले, दवाखान्यातले जिवाणू हौसेने आणून हा प्रयोग करू नका. कार्बापेनेम ही जालीम प्रतिजैविकं निकामी करणारं एनडीएम-१ हे जनुक २००९ मध्ये नोंदलं गेलं, आणि ते पसरलं प्लाझ्मिडवर बसूनच. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातले निरुपद्रवी स्ट्रेन कॉलेजच्या लेटरहेडवर मागवा. वापरलेली प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

पुढे एम.एस्सी.ला अल्कलाइन लायसिस, म्हणजे पेशी फोडून प्लाझ्मिड वेगळं काढायची पद्धत, येईल. तिथे दुसरं द्रावण घातल्यावर नळी व्होर्टेक्स करायची (यंत्रावर जोरात घुसळायची) नाही, हळूच उलटी-सुलटी करायची, नाहीतर गुणसूत्राचे तुकडे होऊन प्लाझ्मिडमध्ये मिसळतात. जेलवर एकाच प्लाझ्मिडचे दोन-तीन पट्टे दिसले तर घाबरू नका. पीळ घट्ट असलेलं रूप सहसा सगळ्यात पुढे पळतं, एक धागा तुटून सैल पडलेलं मागे राहतं.

गावाकडे तुम्हाला वेगळेच एक्सटर्नल भेटतील. माझे काका विचारतात, "पऱ्हाटीतलं ते जीन सरकीच्या तेलातून आपल्या आंगात त नाही ना येत बाप्पा?" भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीत ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूच्या टीआय प्लाझ्मिडची युक्ती वापरली होती. त्या प्लाझ्मिडचा टी-डीएनए एवढाच भाग झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. प्लाझ्मिड म्हणून झाडात काही फिरत नाही. तेलात तर डीएनए जवळपास उरतच नाही. बोंडअळी मारणारी मूळ क्राय जनुकं मात्र बॅसिलस थुरिंजिएन्सिसमध्ये (बीटी म्हणजे हाच जिवाणू) बहुधा प्लाझ्मिडवरच असतात. सोयाबीनच्या बियाण्याला चोळायच्या जिवाणू-खताच्या पाकिटाचं उलटं : वाटाण्याच्या रायझोबियममध्ये गाठी बनवणारी जनुकं प्लाझ्मिडवर, पण सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियममध्ये ती गुणसूत्रावर. मुलाखतीत हा फरक विचारला गेलेला मी ऐकला आहे.

मुलाखतीचं निघालंच आहे तर : नागपूरची कापूस संशोधन संस्था, तिथलीच नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, अकोल्याचं कृषी विद्यापीठ इथे प्रकल्पांवरच्या तात्पुरत्या जागा निघत असतात. त्यांच्या वेबसाइट बघत राहा. जाताना प्रॅक्टिकलचं जर्नल सोबत न्या, आणि कोरी राहिलेली कंट्रोल प्लेटही त्यात नोंदवलेली असू द्या.