वेकोचं खापर कोणावर, हे तपासायचं कसं

टेक्सासमधल्या वेकोचा, म्हणजे डेव्हिड कोरेशच्या ब्रँच डेव्हिडियन या धार्मिक पंथाच्या वसाहतीवरची धाड, वेढा आणि आग यांचा विषय निघाला की लोक दोनच टोकं पकडतात, सरकारने जाळलं नाहीतर कोरेशनेच सगळ्यांना मारलं. तुम्ही आधी 1993 मधल्या दोन तारखा वेगळ्या काढा, कारण जबाबदार माणसं वेगळी आहेत.

28 फेब्रुवारीची धाड एटीएफची, म्हणजे दारू, तंबाखू आणि शस्त्रांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकन केंद्रीय संस्थेची. पहिली गोळी कोणाची यावर डोकं लावत बसू नका, तो वाद मिटलेला नाही, त्यापेक्षा हे बघा की आत पेरलेल्या एजंटने 'त्यांना कळलंय' असं सांगूनही साहेब लोकांनी धाड रेटली, आणि हे ट्रेझरी खात्याच्याच (एटीएफ तेव्हा याच खात्याखाली होती) रिपोर्टमध्ये आलंय. चार एजंट गेले, आतलेही मेले.

मग 51 दिवस वेढा, आणि 19 एप्रिलला एफबीआयने रणगाड्यासारख्या गाड्यांनी भिंती फोडून अश्रुधूर सोडला, दुपारी आग, 70 च्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलंही. आग लावली कोणी? छुप्या माइकवर आतल्यांचं इंधन ओतायचं बोलणं रेकॉर्ड झालंय, ते आधी वाचा. मग लगेच 1999 ची एफबीआयची कबुली वाचा, की आग लागू शकेल असे अश्रुधुराचे गोळे वापरले होते, आगीच्या काही तास आधी (सहा वर्षं नाही नाही म्हणत होते, मग संशय येणारच ना). सरकारने तपासासाठी नेमलेल्या जॉन डॅनफर्थचा 2000 चा रिपोर्ट म्हणतो आग आतल्यांनीच लावली. मला ते पटतं. पण मुलं आत असताना गॅस का सोडला हा प्रश्न त्यात मिसळू नका, तो तेव्हाच्या अॅटर्नी जनरल (अमेरिकेच्या न्याय खात्याच्या प्रमुख) जॅनेट रेनोंकडे जातो, परवानगी त्यांनी दिली होती.