अरेंजर कीबोर्डवरची रॉक स्टाईल कशी पारखावी

अरेंजर कीबोर्डवर डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, धरला की ड्रम्स, बेस, गिटारची साथ आपोआप वाजते; त्या साथीच्या साच्याला स्टाईल म्हणतात. दुकानात कीबोर्ड दाखवणारा आधी डेमोचं बटण दाबतो, मग स्टाईलचा इंट्रो ऐकवतो. ऐकून घ्या, पण भुलू नका. इंट्रो आणि एंडिंग कंपनीने नटवून ठेवलेले असतात. गणपतीच्या स्टेजवर तुमच्या डाव्या हाताखाली पाच-पाच मिनिटं फिरत राहतो तो मेन भाग, आणि पारख त्याचीच करायची.

मी निपाणीपासून खानापूरपर्यंत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडे भजनी ठेका जरा हलला तरी पहिल्या रांगेतले आजोबा मान वर करून बघतात. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी याच बेळगाव जिल्ह्यातलं, कान तयार असायचेच. पण शेवटी कॉलेजची पोरं पुढे आली आणि रॉकची फर्माईश झाली की कसलीही धडधड खपते. वादकही म्हणतात, चालतंय की. माझं म्हणणं एवढंच, की रॉकमध्येही बेसूर हा बेसूरच.

जाताना स्वतःचा हेडफोन न्या. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, आणि कीबोर्डाच्या पोटातले छोटे स्पीकर तिथवर धड पोचत नाहीत. दुकानात गोड वाटलेला बेस मोठ्या साउंडवर घुमायला लागतो तो यामुळेच.

सुरुवात ड्रम्सपासून. बाकी सगळे पार्ट म्यूट करा. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठाम पडतोय का? त्यामधल्या हलक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या थापा आहेत का? हाय-हॅटचा, म्हणजे जोडझांजेचा, प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा असेल तर ती शिलाई मशीन समजा. मग बोटांवर बार मोजा, आवर्तन मोजतो तसे. दोन बारांत गोष्ट परत पहिल्यापासून सुरू होत असेल तर तिसऱ्या कडव्यापर्यंत तुम्हीच कंटाळाल.

आता बेस उघडा. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एका पायाने चालल्यासारखे वाटले पाहिजेत. पुढची कसोटी अशी: पांढरी एकपासून पांढरी सातपर्यंत एक-एक पट्टी चढत मेजर कॉर्ड धरा. कुठेतरी बेस एकदम सप्तकभर खाली उतरेल. उतरणारच, तसं ठरवून दिलेलं असतं. पण ती उडी तुमच्या नेहमीच्या दोन कॉर्डांच्या मधोमध आली तर गाणं ठेचकाळतं.

खरी भानगड गिटारची. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट, लावलेल्या गिटारवर रॉकवाले बहुतेकदा पूर्ण कॉर्ड वाजवत नाहीत, फक्त षड्ज आणि पंचम धरतात. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. कारण साधं आहे. कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये पंचम शुद्ध पंचमापासून फक्त २ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) सरकलेला असतो, तर गांधार जवळजवळ १४ सेंट चढा. साध्या आवाजात हा फरक कान पोटात घालतो. डिस्टॉर्शन मात्र सुरांची आपापसात बेरीज-वजाबाकी करून नवे सूर काढतं, आणि चढ्या गांधारामुळे त्यांचा चिखल होतो.

म्हणून हे करून बघा. ड्रम्स बंद, फक्त गिटारचा पार्ट चालू. सी मेजर (शुद्ध गांधाराचा) धरा, मग सी मायनर (कोमल गांधाराचा). डिस्टॉर्शनवाली गिटार दोन्हींत जवळपास सारखीच राहिली तर स्टाईल करणाऱ्याला रॉक कळतो. प्रत्येक वेळी गांधार ठणकावून बदलत असेल तर बहुधा त्याने पियानोचा कॉर्ड उचलून गिटारला चिकटवलाय. मग बी डिमिनिश्ड धरा. इथे पंचम उतरलाच पाहिजे, नाहीतर बेस एकीकडे आणि गिटार दुसरीकडे. बऱ्याच कीबोर्डांवर नुसते सी आणि जी दाबले तरी पॉवर कॉर्ड ओळखला जातो, तेही तपासा. एका बोटाने कॉर्ड धरायची सोय असते तिच्यावर मात्र पारख करू नका, तुम्ही स्टेजवर जसे वाजवता तसेच वाजवा.

त्याच बैठकीत एक कॉर्ड लांब धरून बारच्या मध्येच बदला. चांगल्या स्टाईलमध्ये गिटार नव्या कॉर्डवर पुन्हा छेडली जाते किंवा सरकत जाते. वाईट स्टाईलमध्ये ती पुढच्या ठोक्यापर्यंत गप्प बसते. रॉकमध्ये कॉर्ड पुष्कळदा अर्धी मात्रा आधी येतो, त्यामुळे ही चूक दर ओळीला उघडी पडते.

फिल-इनला, म्हणजे मेन भागाच्या ए, बी, सी, डी या प्रकारांत एकातून दुसऱ्यात जाताना येणाऱ्या ड्रम्सच्या तुकड्याला, फार वेळ देऊ नका. ए-कडून बी-कडे जाताना आणि सी-कडून डी-कडे जाताना तोच गडगडाट येतो का, आणि त्यानंतर समेवर क्रॅश, म्हणजे मोठी झांज, पडते का, एवढं ऐका. टेंपो वीसने कमी आणि वीसने जास्त करून बघा. ड्रम्स रेकॉर्ड केलेल्या ऑडिओवर चालणारे असतील तर ताणल्यावर झांज फाटते.

पेनड्राइव्हवरून आलेल्या स्टाईलबद्दल थोडं. कोल्हापूरकडून एक येते, हुबळीकडून दुसरी, आणि दोन्ही फुकट. चिकोडीच्या एका कार्यक्रमात मी अशीच एक न तपासता लावली. गिटारऐवजी वरच्या सप्तकात टिंग टिंग सुरू झालं. मोठ्या मॉडेलांत गिटारचा एक खास आवाज असतो. त्यात अगदी वरच्या पट्ट्यांवर सूर नसतात, तारेवर बोट घासल्याचे खरखरीत आवाज असतात. माझ्या कीबोर्डात तो आवाजच नव्हता, त्यामुळे साध्या गिटारने ते सूर समजून वाजवले. आमचा साउंडवाला कन्नड. तो खालून दोन्ही हात हलवत ओरडत होता, ‘साकु, साकु!’ पुरे म्हणून.

म्हणून बाहेरची स्टाईल घेतली की प्रत्येक पार्टला कुठला आवाज लागलाय ते घरीच बघावं, आणि नसलेल्याच्या जागी आपल्याकडचा लावावा. तरीही टिंग टिंग राहिली तर तो पार्ट म्यूट करून स्टाईल सेव्ह करावी. माझ्या निम्म्या रॉक स्टाईल अशाच आहेत: ड्रम्स आणि बेस कीबोर्डचे, गिटार आमच्या गिटारवाल्याची. तो उसाच्या हंगामात गावी अडकला की मग नाइलाजाने पार्ट उघडतो.