गॅरेजच्या कोब्यावर टिकणारे इपॉक्सी कसे लावावे

गॅरेजमधल्या इपॉक्सीचे, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायच्या कडक रंगाचे, पोपडे निघू लागले की बहुतेक घरमालक रंगाच्या कंपनीला दोष देतात. त्याऐवजी एक पोपडा उचलावा आणि उलटा करून त्याची पाठ पाहावी. पाठीवर राखाडी सिमेंटचा पातळ थर चिकटून आलेला असेल, तर रंग निर्दोष आहे. तो ज्या पापुद्र्याला चिकटला होता तो पापुद्राच कोब्यापासून सुटला आहे. पाठ स्वच्छ आणि चकचकीत असेल, तर रंगाला पकड मिळालीच नव्हती. खाली तेल होते, मेण होते किंवा न घासलेली गुळगुळीत घोटाई (गवंड्याने थापीने घोटलेला वरचा थर) होती. पाठ ओलसर असेल किंवा तिच्यावर पांढरा लोणा दिसत असेल, तर पाणी जमिनीतून वर आले आहे. ही तिन्ही कारणे रंगाचा डबा उघडण्याआधीची आहेत. म्हणूनच ‘दोन हात मारा, चोवीस तासांत गॅरेज तयार’ अशा सल्ल्यावर विश्वास ठेवू नये. रंग लावण्याचे काम दोन संध्याकाळींत होते. त्याआधीच्या तयारीवर त्याचे आयुष्य ठरते.

पुढील माहिती छपराखालच्या, शटर किंवा दार असलेल्या आणि सिमेंटचा कोबा किंवा ट्रिमिक्स (ओतलेल्या काँक्रीटमधले जास्तीचे पाणी ओढून काढण्याची पद्धत) केलेल्या गॅरेजसाठी आहे. उघड्या पार्किंगला इपॉक्सी लावू नये, कारण उन्हाने ते पिवळे पडते आणि काही काळाने त्याची भुकटी होऊ लागते. शहाबादी, कोटा किंवा टाइल्सवर ते लावण्याचा आग्रह धरू नये. कोबा नवा असेल, तर तो ओतल्यापासून किमान २८ दिवस थांबावे आणि त्यानंतरही पुढची ओलीची परीक्षा चुकवू नये.

ओल आहे का, हे आधी पाहा

सुमारे १८ इंच लांब आणि तेवढ्याच रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि किमान १६ तास तो तसाच राहू द्यावा. असे तीन तुकडे लावावेत: एक मध्यभागी, एक बाहेरच्या भिंतीला लागून आणि एक ज्या बाजूला बागेचा वाफा किंवा पाण्याची टाकी असेल तिथे. थेट ऊन येणारी जागा टाळावी. प्लास्टिक काढताना त्याच्या खालच्या बाजूला थेंब दिसले, किंवा तेवढाच चौकोन आजूबाजूच्या कोब्यापेक्षा गडद दिसला, तर जमिनीतून ओल येत आहे.

इथपर्यंतचे सगळेच सांगतात. ही परीक्षा कधी घ्यायची, हे मात्र सांगत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांत कोब्याखाली मुरूम, दगडी सोलिंग आणि पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट) असते, पण त्याखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर सहसा घातलेला नसतो. अशा जमिनीवर एप्रिलमध्ये परीक्षा घेतली, तर ती उत्तीर्ण होणारच. ऑगस्टमध्ये भूजल वर येते, विशेषतः काळ्या मातीच्या किंवा उताराखालच्या प्लॉटमध्ये, आणि तेव्हा तोच कोबा खालून पाणी शोषू लागतो. वरचे इपॉक्सी वाफ बाहेर जाऊ देत नाही. मग दाब साठतो आणि रंगाला फुगवटे येतात. म्हणून परीक्षा भर पावसाळ्यात, ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये घ्यावी आणि रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लावावा. पावसाळ्यात कोरडा राहिलेला कोबा पुढे ओलीने सहसा दगा देत नाही.

परीक्षेत ओल सापडली, तर माझे मत स्पष्ट आहे: तिथे साधे इपॉक्सी लावू नये. ओल रोखणारे, इपॉक्सी आणि सिमेंट एकत्र असलेले तीन घटकांचे प्रायमर बाजारात मिळतात आणि मध्यम ओलीवर ते उपयोगी पडतात. पण दर पावसाळ्यात भिंतीच्या कडेने लोणा फुटत असेल, तर त्या गॅरेजला सिलिकेटचे डेन्सिफायर (छिद्रांत मुरून कोबा टणक करणारा द्राव) लावून कोबा उघडाच ठेवणे शहाणपणाचे ठरते. तो वाफ बाहेर सोडतो, धूळ कमी उडते आणि खर्चही वाया जात नाही.

घोटाई काढणे: सर्वांत अवघड टप्पा

आपल्याकडचा गवंडी कोबा ओतल्यावर त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरतो आणि लोखंडी थापीने तो घोटतो. त्यातून येणारी चकाकी पाहून घरमालक खूश होतो, आणि झाडायला-पुसायला अशी जमीन खरोखरच चांगली असते. इपॉक्सीच्या दृष्टीने मात्र हा वरचा पापुद्रा सर्वांत कच्चा असतो. त्यात वाळू-खडी जवळजवळ नसते, घोटताना वर आलेले पाणी त्यातच मुरलेले असते आणि वाळताना त्याला केसांसारख्या बारीक भेगा पडतात. बाहेरून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. ते थंड होताना आकसतात आणि खालचा रंग ओढतात. रंग पापुद्र्याला घट्ट चिकटलेला असतो. पापुद्रा मात्र कोब्याला तेवढा घट्ट चिकटलेला नसतो. म्हणूनच पोपडे बहुधा चारही चाकांच्या जागी आधी निघतात.

हा पापुद्रा काढण्यासाठी दोन उपाय सुचवले जातात: ॲसिड आणि ग्राइंडिंग. बाथरूम धुण्याचे ॲसिड ओतण्याचा सल्ला मी पूर्णपणे नाकारतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडची सिमेंटमधल्या चुन्याशी प्रक्रिया होऊन कॅल्शियम क्लोराइड तयार होते. हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो, आणि कितीही धुतले तरी त्यातला काही भाग छिद्रांत उरतो. ॲसिडची वाफ शटरला, गाडीच्या धातूच्या भागांना आणि मोटारपंपाला गंज चढवते, फुप्फुसांना इजा करते, आणि तेलाच्या डागावर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. शिवाय जी जमीन कोरडी ठेवण्यासाठी आपण महिनोन्महिने थांबलो, तिच्यावरच बादल्याच्या बादल्या पाणी ओतावे लागते.

काम ग्राइंडिंगनेच करावे. छोट्या गॅरेजला ४ किंवा ५ इंची अँगल ग्राइंडर, त्यावर कोब्यासाठीचे डायमंड कप व्हील आणि धूळ ओढणारे झाकण पुरते. मोठ्या जागेसाठी फ्लोअर ग्राइंडर भाड्याने आणावे. मार्बल पॉलिशचे मशीन असलेला माणूस ‘मीच करून देतो’ म्हणेल, पण त्याला नम्रपणे नकार द्यावा. त्याचे दगड जमीन गुळगुळीत करण्यासाठी असतात आणि तो पाणी सोडून घासतो. त्यातून निघणारा चिखल छिद्रांत बसून वाळला की आपण काढलेला पापुद्रा नव्या रूपात परत येतो.

व्हील कोब्यावर सपाट ठेवावे, अर्धवर्तुळात सतत फिरवत राहावे आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवावी. एका जागी थांबले की तिथे खळगा पडतो आणि चकचकीत रंगाखाली तो आयुष्यभर दिसत राहतो. जोर देऊ नये. यंत्राचे वजन पुरेसे असते. भिंतीलगतची सहा इंचांची पट्टी आणि कोपरे कंटाळून सोडून देण्याचा मोह होतो, पण पोपडा सुरू होण्यासाठी एक सुटी कड पुरते.

या टप्प्याने मला सर्वांत जास्त झुंजवले, कारण किती घासले म्हणजे पुरे, हे कोणीच नीट सांगत नव्हते. आज मी पुढील खुणांवर भरवसा ठेवतो. काळसर चकाकी पूर्ण जाऊन पृष्ठभाग सगळीकडे सारखा, निस्तेज आणि फिकट दिसला पाहिजे, आणि जवळून पाहिल्यास त्यात वाळूचे वेगवेगळे कण ओळखू आले पाहिजेत. तळहात फिरवल्यावर ८० ते १०० नंबरच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा जाणवला पाहिजे. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोरात ओरखडा काढल्यावर फक्त रेघ उमटली पाहिजे. भुकटी निघत असेल, तर कच्चा थर अजून शिल्लक आहे. शेवटी ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब काही क्षणांत पसरून कोबा गडद झाला, तर छिद्रे मोकळी आहेत. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर तिथे तेल, मेण किंवा जुने सीलर आहे. ठोकल्यावर भदभद आवाज येणारी जागा कितीही घासून सुधारत नाही. ती फोडून नव्याने भरावी लागते.

सिमेंटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत कायमची साठते. तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नये. किमान एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, डोळ्यांना गॉगल आणि कानांना संरक्षण हवेच. दुचाकी, पेट्रोलचा कॅन आणि गॅस सिलिंडर ग्राइंडर सुरू करण्यापूर्वी बाहेर काढावेत. घरातला व्हॅक्युम क्लीनर या धुळीने खराब होतो, त्यामुळे ग्राइंडरबरोबर औद्योगिक व्हॅक्युमही भाड्याने घ्यावा.

झाडूने धूळ जात नाही. उलट ती छिद्रांत दाबली जाते. आडवा-उभा दोनदा व्हॅक्युम करावा. मग चिकटपट्टीचा तुकडा कोब्यावर दाबून उचलावा आणि उजेडात धरून पाहावा. पट्टी राखाडी झाली असेल, तर पुन्हा व्हॅक्युम. ही साधी परीक्षा मी कोणत्याही ठेकेदाराच्या शब्दापेक्षा जास्त मानतो.

तेलाचे डाग आणि भेगा

तेलाचे डाग ग्राइंडिंगच्या आधी काढावेत, नाहीतर व्हील तेच तेल सगळीकडे फासते. डीग्रीजर आणि गरम पाण्याने ताठ ब्रशने घासून, मळीचे पाणी शोषून घेऊन पुन्हा घासावे. रॉकेलने पुसू नये, कारण त्याने तेल आणखी खोल जाते. धुतल्यानंतर कोबा पूर्ण सुकण्यासाठी बरेच दिवस द्यावेत.

स्थिर भेगा ‘व्ही’ आकारात कापून इपॉक्सी पुट्टीने भराव्यात. मुद्दाम ठेवलेले सांधे मात्र पुट्टीने बुजवू नयेत; तिथे लवचीक सीलंटच हवे.

हवामान

कोब्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २२ अंश येतो. म्हणजे कोबा थोडा जरी थंड असला तरी नजरेला न दिसणारी ओल त्यावर बसते. कोकणात ही अट डिसेंबरच्या पहाटेही मोडू शकते. दमट हवेत रंगावर चिकट, पांढुरकी साय येते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवल्याशिवाय त्यावर दुसरा हात लावू नये.

रंग सकाळी सुरू करू नये. दिवस चढतो तशी कोब्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या रंगातून बाहेर पडताना बुडबुडे आणि टाचणीएवढी भोके सोडते. दुपार उतरल्यावर कोबा थंड होऊ लागला की प्रायमर लावायला घ्यावे.

मिश्रण आणि लावणे

रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर दिले असेल तसेच, वजनाचे असेल तर वजन करूनच घ्यावे. लवकर वाळावे म्हणून जास्त हार्डनर घालणे, हा या कामातला सर्वांत घातक सल्ला आहे. हार्डनर हा वेग वाढवणारा मसाला नसून रासायनिक जोडीदार आहे आणि तो कमी किंवा जास्त झाला की रंग कायम चिकट किंवा ठिसूळ राहतो. मंद गतीच्या ड्रिलला ढवळणी लावून सुमारे तीन मिनिटे मिसळावे, तळ आणि कडा खरवडाव्यात, मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळावे. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेले रेझिन राहते आणि ते जमिनीवर गेले की तेवढाच पट्टा वाळत नाही.

मिश्रण बादलीत साठवून ठेवू नये. त्याची प्रक्रिया उष्णता सोडते आणि साठ्यात ती इतकी वाढते की बादलीतून धूर येतो. ते लगेच जमिनीवर पट्ट्यांत ओतावे आणि आखूड लवेच्या रोलरने पसरावे. उरलेले मिश्रण उघड्यावर, कोरड्या मातीवर पातळ पसरून घट्ट होऊ द्यावे. हातात नायट्राइलचे मोजे हवेत. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

हिशेब सोपा आहे. १० बाय १८ फुटांचे गॅरेज म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटर. सॉल्व्हंटविरहित (वाळताना उडून जाणारा द्रव नसलेल्या) रंगाचा १५० मायक्रॉनचा एक थर द्यायचा, तर २.५ लिटर लागतो. घासलेल्या कोब्यासाठी त्यावर १५ ते २० टक्के जास्त धरावे. प्रायमर वेगळे. ते काही ठिकाणी लगेच शोषले जाऊन कोरडे दिसू लागले, तर तिथे दुसरा हात द्यावा. प्रत्येक हात डब्यावर दिलेल्या मुदतीत, बहुधा २४ तासांच्या आत, आधीच्या हातावर चढवावा. मुदत टळली, तर पॉलिश पेपरने घासूनच पुढे जावे. पावसात ओल्या चाकांनी गाडी येणार असेल, तर शेवटच्या हाताआधी ओल्या रंगावर बारीक क्वार्ट्झ वाळू भुरभुरावी. शटरजवळच्या ज्या पट्ट्यावर ऊन येते, तिथे वरून ॲलिफॅटिक पॉलीयुरेथेनचा (उन्हाने सहसा पिवळा न पडणाऱ्या रंगाचा) हात द्यावा.

दुसऱ्या दिवशी अनवाणी चालून पाहता येते, पण गाडी सात दिवसांनीच आत घ्यावी आणि थंडी असेल तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे. रंग हाताला कडक लागतो तेव्हाही आतली प्रक्रिया सुरूच असते, आणि याच दिवसांत उभ्या केलेल्या गाडीच्या टायरचे काळे ठसे पुढे कशानेही निघत नाहीत. पहिला महिनाभर जमीन फक्त पाणी आणि सौम्य साबणाने पुसावी.