चंदन लावताय? आधी सोबतीचं झाड ठरवा

पिकून काळसर-जांभळी झालेली फळं घ्या, गर चोळून काढा, बी सावलीत वाळवा. हे बी ताजं असताना सुप्तावस्थेत असतं, म्हणजे लगेच रुजत नाही. दोन-एक महिने थांबा, नाहीतर जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या ५०० पीपीएम (लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम) द्रावणात रात्रभर भिजवून वाळूच्या वाफ्यात टाका. चार पानं आली की पिशवीत हलवा.

खरी अडचण इथून पुढे. चंदन अर्धपरजीवी आहे. पानांत अन्न ते स्वतः तयार करतं, पण पाणी आणि खनिजांचा मोठा वाटा शेजारच्या झाडाच्या मुळांना आपली मुळं चिकटवून ओढून घेतं. त्यामुळे पिशवीतच शेजारी तुरीचे दोन दाणे टोचा. तूर चंदनाच्या डोक्यावर जाऊ लागली की शेंडे खुडा. उपटू मात्र नका, तुरीबरोबर चंदनाचीही मुळं तुटतात.

शेतात लावताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी सोबतीला फक्त तूर लावली. हिवाळ्यात शेंगा काढल्या आणि तूर कापून टाकली. उन्हाळ्यापर्यंत चंदनाची पानं पिवळी पडली. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं. काही रोपं गेलीच, शिवाय साचलेल्या पाण्याने उरलेल्यांची मुळं कुजली. दुकानात मला 'अन्नद्रव्यं कमी पडताहेत' असं सांगून पुड्या दिल्या होत्या. कमी होतं ते शेजारचं झाड.

म्हणून तूर पहिल्या वर्षापुरती धरा, आणि त्याच पावसात चार-पाच फुटांवर कायमचा सोबती लावा: सुरूचं झाड, शिरीष किंवा कडुनिंब. 'पुढच्या वर्षी लावू' म्हणाल तर तूर गेल्यावर चंदन उघडं पडेल. सोबत्याची सावली दाट झाली तर फांद्या छाटा, बुंधा तोडू नका. दोघांच्या मधली जमीन कुदळीने खोल खणू नका. तण हाताने काढा. जमीन निचऱ्याचीच हवी.

'पाच वर्षांत लखपती' म्हणणाऱ्याकडून रोपं घेऊ नका. वास असतो तो गाभ्यात आणि मुळांत. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नसतो, आणि सहाणेवर उगाळण्याजोगा गाभा धरायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. मुळांतही वास असतो म्हणून झाड बुंध्यातून तोडत नाहीत, मुळासकट काढतात.

लागवडीची नोंद तलाठ्याकडून ७/१२वर त्याच वर्षी करून घ्या. झाड काढण्याआधी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते, तेव्हा हाच कागद आधी लागतो.