लाकूडकामाचा जुना खराद दुरुस्त करताना या चुका टाळा

नागपूरच्या लकडगंज या लाकूडबाजाराच्या आसपास किंवा बंद पडलेल्या एखाद्या फर्निचर कारखान्याच्या भंगारात कातकामाचा जुना, बिडाचा खराद (लाकूड फिरवून कातण्याचे लेथ यंत्र) अजूनही हाती लागतो. तो घरी आणणारा बहुधा त्याच संध्याकाळी हातोडा घेऊन बसतो. माझ्याकडे येणारे बरेच खराद त्या पहिल्या संध्याकाळीच मोडलेले असतात, गंज बिचारा वर्षानुवर्षे वरवरच बसलेला असतो.

स्पिंडलवरची, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्यावरची पुली कधीही ठोकून काढू नये. बीड दाब सोसते, ठोका सोसत नाही. माझ्या पहिल्या खरादाच्या वेळी, मे महिन्यातल्या एका दुपारी, मी पुलीतला ग्रब स्क्रू (पुली दांड्याला घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) काढला आणि आता ती मोकळी झाली असे समजून मागून ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला कडेचा दोन बोटे रुंद तुकडा उडून फरशीवर पडला. नंतर छिद्रातले काळे, घट्ट झालेले तेल सुईने कोरल्यावर तळाशी आणखी एका स्क्रूची खाच दिसली. आतला ढिला पडू नये म्हणून एकाच छिद्रात एकावर एक दोन स्क्रू बसवलेले होते. ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या पितळेने, तुकडा जोडला, तरी पुली डुगडुगत राहिली आणि शेवटी नवी कातून घ्यावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक छिद्र तळापर्यंत कोरतो, रॉकेलात थोडे इंजिन ऑइल मिसळून तीन रात्री मुरू देतो आणि मगच पुली ओढून काढणारा पुलर लावतो. तीन रात्री थांबण्याची तयारी नसेल, त्याने जुने यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक म्हणजे बेडवर, म्हणजे खरादाच्या लांब सपाट पायावर, ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) फिरवणे. दहा मिनिटांत बेड चकाकतो खरा, पण टेलस्टॉक (लाकडाचे दुसरे टोक धरणारा सरकता भाग) ज्या पृष्ठावर सरकतो तेथे न दिसणारे खड्डे पडतात आणि लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या सेंटरची टोके पुन्हा जुळत नाहीत. मी सपाट ठोकळ्याला 320 नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, रॉकेल लावून हाताने घासतो. गंजाचे काळे डाग राहिले तर राहू देतो, कारण त्यांनी काम अडत नाही. पावसाळ्यापूर्वी बेडला मेणाचा हात मात्र द्यावाच.

स्पिंडलला आधार देणाऱ्या गनमेटलच्या बुशांना तेल द्यावे. ग्रीस तेलाची वाट बुजवते. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. मोटरची दिशा तपासल्याशिवाय फेसप्लेट (स्पिंडलवर आट्यांनी बसणारी, लाकूड धरणारी तबकडी) चढवू नये, कारण उलट फिरणाऱ्या स्पिंडलवरून ती सुटून येते. अर्थिंगची तार जोडल्याशिवाय स्विचला हात लावू नये.

पहिल्यांदा चालवताना पट्टा सर्वांत कमी वेगाच्या पायरीवर ठेवून, लाकूड न लावता, खराद अर्धा तास फिरू द्यावा. अधूनमधून मोटर बंद करून हेडस्टॉकवर (स्पिंडल ज्यात बसते त्या भागावर), बुशाच्या बाजूला, तळहात टेकवून पाहावा. ऊब चालेल, चटका बसला, तर बुश निवू द्यावा, तेलाचे छिद्र पुन्हा साफ करावे आणि मगच पुढे जावे.